पंपिंग तीस टक्के: इकोच्या आकड्यानंतरचे उपचार

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की रुग्ण आणि नातेवाईक त्यातला एकच आकडा शोधतात. 'एलव्हीईएफ' या अक्षरांपुढे जे टक्के लिहिलेले असतात त्याला आपल्याकडे सर्रास 'पंपिंग' म्हणतात, आणि तिथे ३० दिसले की "म्हणजे सत्तर टक्के हार्ट गेलं का, मॅडम?" असा प्रश्न दारातच येतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यातून खरे नुकसान होते. काही घरांत रुग्णाला अंथरुणावरून उठूच देत नाहीत, तर काही घरांत आता औषधांनी काय होणार, असे धरून सगळे हात टेकतात. इकोची खोली आणि हृदयविकाराची ओपीडी यांतच माझा दिवस जातो. हृदय कमजोर झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांविषयी मला मनापासून सांगायचे आहे ते असे की पहिल्या इकोतला आकडा बदलू शकतो, तो बदलणारी औषधे आज आपल्याकडे मिळतात, आणि बहुतेकांचे अडते ते ही औषधे पुरेशा मात्रेपर्यंत नेण्यापाशी आणि न सोडता घेण्यापाशी.

आधी तो आकडा. हृदयाच्या डाव्या बाजूचा खालचा कप्पा रक्ताने पूर्ण भरतो तेव्हा त्यात जेवढे रक्त असते, त्यापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर टाकले जाते, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयसुद्धा शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे उत्तम काम समजले जाते. निरोगी माणसाच्या त्या कप्प्यात ११० मिलिलिटर रक्त मावत असेल आणि ठोक्याला ६६ मिलिलिटर बाहेर पडत असेल, तर पंपिंग ६० टक्के झाले. आता एखाद्याचा कप्पा ताणून २०० मिलिलिटरचा झाला आहे आणि त्यातून ६० मिलिलिटर बाहेर पडते आहे, असे समजा. टक्केवारी ३० वर आली, पण शरीराला मिळणारे रक्त जवळपास तेवढेच राहिले. म्हणूनच तीस टक्क्यांचा माणूस खुर्चीत बसून व्यवस्थित बोलत असतो आणि जिना चढताना मात्र त्याला धाप लागते. हृदयाने मोठे होऊन वेळ निभावून नेलेली असते. पण जितके ते मोठे होते तितका त्याच्या स्नायूवरचा ताण वाढत जातो, आणि उपचार याच दुष्टचक्रावर करायचे असतात.

हा आकडा मोजतात कसा, तेही पाहण्यासारखे आहे. रुग्ण डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपतो. जेली लावलेला प्रोब डाव्या स्तनाच्या खाली, दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकवला की पडद्यावर चारही कप्पे एकदम दिसू लागतात. हृदयाचे टोक वर आणि झडपा मध्यभागी उघडमीट करताना. चांगला पिळला जाणारा कप्पा प्रत्येक ठोक्याला सगळ्या बाजूंनी आत येतो आणि त्याच्या भिंती जाड होतात. कमजोर कप्प्यात भिंती जागच्या जागी थरथरल्यासारख्या हलतात, झडपेची पाने अर्धवट उघडतात, आणि क्वचित टोकापाशी रक्ताची गुठळीही बसलेली दिसते. मग कप्पा पूर्ण भरलेला असतानाचे आणि पूर्ण आकुंचन पावलेला असतानाचे चित्र थांबवून आतली कड हाताने रेखायची, हेच दुसऱ्या कोनातून पुन्हा करायचे, आणि त्यावरून यंत्र आकारमान काढते. ही कड काही रुग्णांत स्वच्छ दिसते. जाड माणसात किंवा दम्याच्या रुग्णात अंदाजाने रेखावी लागते. त्यामुळे एकाच रुग्णाचा इको दोन ठिकाणी केला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. मागच्या वेळी ३५ होते आणि आता ३२ आले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. शक्य असेल तर पुढचा इको त्याच ठिकाणी करावा आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यावा.

या तपासणीचा जन्म स्वीडनमधल्या लुंडचा. इंगे एडलर या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी रुग्णाची मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झाली आहे की गळते आहे, हे खात्रीने कळायला हवे होते. हेल्मुट हर्ट्झ या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने धातूतले दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र माल्मो इथल्या जहाजबांधणी कारखान्यातून मागून आणले, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी धडधडत्या हृदयाचे पहिले आलेख नोंदवले. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही आणि भूल नाही, हा या तपासणीचा गुण तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे; म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करता येते आणि औषधाचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो.

पंपिंग कमी आहे एवढे इको सांगतो. ते का कमी झाले, हे शोधायला पुढे जावे लागते. आपल्याकडे सर्वांत मोठे कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले ब्लॉकेज आणि पूर्वी येऊन गेलेला, कधी कधी रुग्णाला कळलाही नसलेला, हार्ट अटॅक. त्यासाठी अँजिओग्राफी करतात, आणि निवडक रुग्णांत सीटी अँजिओग्राफीवर काम भागते. हृदयाचा एमआरआय याहून वेगळी गोष्ट दाखवतो. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिल्यावर ते मृत स्नायूच्या जागी झालेल्या व्रणात रेंगाळते आणि तो भाग पांढरा उमटतो. रक्तपुरवठा तुटल्यामुळे झालेला व्रण भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो; विषाणूमुळे स्नायूला सूज येऊन गेली असेल तर तो बहुधा भिंतीच्या मध्यात किंवा बाहेरच्या थरात दिसतो. प्रत्येकाला एमआरआय लागत नाही, पण कारण नक्की होत नसेल तेव्हा त्याचा खर्च सार्थकी लागतो.

ब्लॉकेज सापडले की घरच्यांचा पहिला आग्रह स्टेंटचा असतो. हार्ट अटॅक सुरू असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याबद्दल दुमत नाही. परंतु पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी झालेल्या, ब्लॉकेज असलेल्या ७०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये जो अभ्यास झाला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात उत्तम औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट टाकल्याने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणे कमी झाले नाही. बायपासचा फायदा निवडक रुग्णांत दिसतो, तोही अनेक वर्षांच्या हिशेबात. म्हणून निर्णय प्रत्येक रुग्णाचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो काहीही ठरला तरी औषधे त्याच्या मुळाशी राहतातच.

ही औषधे नेमके काय करतात? हृदय कमी पडू लागले की शरीर ते रक्तस्राव झाल्यासारखे समजते. अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायने वाढून नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. जखमी माणसाला तासाभरासाठी हे उपकारक आहे. महिनोन्‌महिने चालले तर थकलेल्या हृदयाला चाबूक मारून पळवण्यासारखे होते. लघवीची गोळी साठलेले पाणी काढते, सूज आणि धाप उतरवते, आणि त्यामुळे रुग्णाला तीच खरी गोळी वाटते. प्रत्यक्षात आयुष्य वाढवण्याचे श्रेय ही साखळी तोडणाऱ्या औषधांचे आहे. १९८७ साली अतिशय अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात एनालाप्रिलने सहा महिन्यांतले मृत्यू ४० टक्क्यांनी कमी केले. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनने ते ३० टक्क्यांनी घटवल्याचे दिसले. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरले, आणि २०१९ मध्ये मधुमेहासाठी आलेले डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडते, हे सिद्ध झाले. "मला शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?" असे म्हणून ती बाजूला ठेवणारे रुग्ण मला अजून भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

यातली बीटा ब्लॉकरची कथा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही औषधे ठोक्याचा जोर आणि वेग कमी करतात, त्यामुळे कमजोर हृदयाला ती देणे म्हणजे अपाय, असे वैद्यकीय महाविद्यालयांत कित्येक वर्षे शिकवले गेले. १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांना ती देऊन सुधारणा दाखवली, तेव्हा फारसे कोणी मानले नाही. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या मोठ्या चाचण्यांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे दाखवल्यावर चित्र पालटले. त्या अनुभवातून शिकायचे ते हे की औषध अगदी लहान मात्रेने, अंगावरची सूज उतरल्यावर सुरू करायचे आणि हळूहळू वाढवायचे. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढल्यासारखा वाटू शकतो, आणि फायदा काही महिन्यांनी इकोवर दिसतो. मधल्या काळात रुग्णाने ते स्वतःहून बंद केले, तर त्रासाचा भाग तेवढा भोगून झालेला असतो आणि लाभ पदरात पडत नाही.

मात्रा वाढवणे, हीच आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव आहे. २०१३ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरेच कमी. आणि ज्यांचे पंपिंग कमी होते त्यांच्यापैकी घरी जाताना त्या काळची तिन्ही शिफारस केलेली औषधे (एनालाप्रिलसारखे एक, बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखे एक) मिळालेले रुग्ण केवळ २५ टक्के होते. तेव्हा किंमत हे एक कारण असेल. पण डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचे २०२३ मध्ये संपल्यापासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. आता अडचण पाठपुराव्याची आहे. रुग्णाला बरे वाटते, पहिली चिठ्ठी वर्षभर चालते, आणि सुरुवातीची लहान मात्राच कायमची होऊन बसते. मात्रा वाढवायची तर रक्तदाब पाहावा लागतो आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) व पोटॅशियम तपासावे लागते, त्यासाठी पहिले काही महिने दर दोन-तीन आठवड्यांनी यावे लागते. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला हे जड जाते, हे मला मान्य आहे. जवळच्या डॉक्टरांकडे रक्त तपासून आणि रक्तदाबाची नोंद करून ती फोनवर कळवण्याची व्यवस्था बसवली, तर निम्म्या खेपा वाचतात.

ओपीडीत मी रुग्णाला औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. मेडिकलच्या त्या कॅरीबॅगमधून कात्रीने अर्ध्या कापलेल्या पट्ट्या निघतात, नाव कापले गेलेल्या आणि केवळ रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध निघते, एक आमच्या चिठ्ठीवरचे आणि एक गावाकडच्या डॉक्टरांचे. आणि हटकून सापडते ती गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी साठवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात; नीट चाललेला रुग्ण धाप लागून पुन्हा भरती होतो, त्यामागे पुष्कळदा हीच पट्टी असते. आजाऱ्याला भेटायला येणारे प्रेमाने शहाळी आणतात, पण स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या आणि मूत्रपिंडे कमकुवत असलेल्या माणसाला शहाळ्यातले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते. कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही पोटॅशियमच घातलेले असते. मीठ कमी करायचे ते पापड, लोणचे, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ टाळून.

औषधे योग्य मात्रेत चालू राहिली की साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. आधी फुगलेला कप्पा लहान होतो, गळणारी झडप बऱ्याच अंशी मिटू लागते, आणि पुष्कळ रुग्णांत ३० चे ४० किंवा ५० झालेलेही दिसते. व्रण मोठा असेल तिथे सुधारणा मर्यादित राहते, हेही तितकेच खरे. अचानक होणाऱ्या जीवघेण्या ठोक्यांपासून वाचवणारे यंत्र बसवायचे की नाही, हा निर्णय बहुतेक रुग्णांत या तीन महिन्यांनंतरच घेतात, कारण औषधांनी पंपिंग ३५ च्या वर गेले तर अनेकांना त्याची गरज उरत नाही.

आणि नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या बंद होतात. रिपोर्ट नॉर्मल आला, मग आता कशाला, हा विचार स्वाभाविक आहे. लंडनमध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास झाला. हृदय फुगण्याच्या आजारातून सावरलेले, पंपिंग सुधारलेले आणि कोणताही त्रास नसलेले ५१ रुग्ण त्यात होते. देखरेखीखाली ज्यांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांच्यापैकी ४४ टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत आजार परतला; ज्यांनी औषधे चालू ठेवली त्यांच्यापैकी त्या काळात एकाचाही परतला नाही. म्हणून इको सुधारलेल्या रुग्णाला मी त्याच खुर्चीत बसवून नवी चिठ्ठी लिहून देते. त्यात लघवीची गोळी कमी होऊ शकते, बाकीची औषधे तशीच राहतात. उलट्या-जुलाब झाले, उपवास धरायचा असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली, तर कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे आधी विचारावे, एवढे त्या चिठ्ठीच्या मागे लिहिते. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत मांडावे, तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पायावर सूज दिसण्याची वाट न पाहता कळवावे, हेही.