कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग अटॅक आला काऊन?

नागपूरच्या धंतोलीत एका लॅबमध्ये रक्त काढतो, बावीस वर्षं झाली. रिपोर्ट हातात पडला की पेशंटचा मुलगा हमखास विचारतो, "भाऊ, कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे, मग बाबांना अटॅक आला काऊन?" मी डॉक्टर नाही. पण तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, मला उमगलं तेवढं सांगतो.

लोकांना वाटतं, नळात गाळ साचतो तसंच हे. मला ते गळवासारखं वाटतं. कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतं, ते खायला पांढऱ्या पेशी धावतात, तिथंच अडकून मरतात आणि आणखी पेशींना बोलावतात. भिंतीला आतून सूज राहते, वर्षानुवर्षं, न दुखता. वरचा पापुद्रा पातळ होऊन फुटला की तिथं रक्ताची गुठळी धरते. म्हणून निम्मीसुद्धा न अडलेली वाहिनी एकाएकी बंद पडू शकते.

ही धुसफूस रक्तात दिसते ती एचएस-सीआरपी टेस्टमध्ये. १ च्या खाली बरं, ३ च्या वर जोखीम जास्त. मात्र सर्दी-तापात ही टेस्ट करू नका हो! आकडा फुगतो आणि घरचे उगाच घाबरतात.

सूज कमी केली तर अटॅक टळतो का? २०१७ साली कँटोस नावाच्या चाचणीत आधी अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर हे तपासलं. कॅनाकिनुमॅब या सूज कमी करणाऱ्या इंजेक्शननं कोलेस्टेरॉल होतं तिथंच राहिलं, तरी १५० मिलीग्रॅमच्या डोसवर अटॅक, लकवा आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जिवावर बेतणारी इन्फेक्शन्स वाढली, आणि औषध भयंकर महाग. पुढे गाउटची, म्हणजे सांधे सुजण्याच्या एका आजाराची, जुनी गोळी कोल्चिसिन पुढे आली; २०२३ मध्ये अमेरिकेत तिला हृदयासाठी मंजुरी मिळाली. मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका, किडनीवाल्यांना ती महागात पडते.

माझा स्वतःचा एचएस-सीआरपीचा आकडा एकदा ४.६ निघाला होता. दिवसाला तीन पन्न्या खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, पँटच्या पट्ट्यावर आलेलं पोट, आणि सकाळी ब्रश केला की बेसिन लाल. हिरड्या साफ करून घेतल्या, खर्रा सोडला, पोट थोडं उतरवलं. वर्षानं आकडा १.८ आला. यातलं नेमकं कशानं उतरलं, देव जाणे. तिन्ही एकदमच केलं होतं.

लॅबखालचा पानठेलावाला मात्र अजून रोज विचारतो, "घोटू का, भाऊ?"