मुठीतला मोहर

मागच्या महिन्यात मी सासूबाईंना फसवायला गेले आणि तोंडावर पडले.

झालं असं की रविवारी ऐनवेळी आंबेमोहर संपला. दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला होता आणि डब्यात कोलम होता. आमच्या बाल्कनीत कुंडीत अन्नपूर्णेचं रोप आहे. त्याचं लांबलचक पान तोडून गाठ मारली, तांदळात टाकलं, भात मऊ व्हावा म्हणून पाणी मुद्दाम जास्त घातलं आणि कुकर लावला. शिट्ट्या होईतो घरभर घमघमाट सुटला. नवरा आतल्या खोलीतूनच "अरे वा, आंबेमोहर!" म्हणाला. म्हटलं, जमलं.

वरण वाढलं, तूप वाढलं, लिंबाची फोड ठेवली. आईंनी पहिला घास उचलला, तोंडापाशी नेला आणि हात तिथंच थांबला.

"पान टाकलंयस का गं?"

आई ८२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांत दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. कानाचं यंत्र टेबलाच्या खणात आराम करतं. वयाबरोबर वास कमी येऊ लागतो असं डॉक्टर सांगतात, पण ते आईंच्या नाकाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

त्या दिवशी भाची जेवायला होती. ती पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत शिकते. तिला मात्र भलतंच कौतुक वाटलं. "मावशी, तू रसायन बरोबर टाकलं होतंस," म्हणाली. आंबेमोहरच्या, बासमतीच्या आणि त्या पानाच्या वासातला मुख्य घटक एकच आहे म्हणे. टू-असिटिल-वन-पायरोलिन असं त्याचं नाव. मक्याच्या लाह्यांच्या वासातही तोच असतो. (त्या दिवसापासून सिनेमाच्या मध्यंतरात मला भाताची भूक लागते.)

मग आईंना कळलं कसं?

तर वास हा एकटा कधी येतच नाही. शिजत्या भातातून बाहेर पडणारे वासाचे दोनशेहून जास्त पदार्थ शोधून काढलेले आहेत. आपल्या नाकाच्या छतापाशी वासाच्या पेशी असतात. हे रेणू पकडणारी ग्राहक प्रथिनं माणसात सुमारे ४०० प्रकारची, आणि प्रत्येक पेशीवर त्यांतला साधारण एकच प्रकार. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये लावला. त्याबद्दल २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. पण एका रेणूला एक ग्राहक असा सरळ मामला नाही. एक रेणू अनेक ग्राहकांना जागं करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओळख देतो. म्हणजे मेंदूकडे जाते ती रांगोळी, कुठले ठिपके उमटले आणि कुठले नाहीत त्याची. पान टाकून मी त्यातला सगळ्यात ठळक ठिपका तेवढा काढला होता. नवऱ्याला तो पुरला. आईंनी आजूबाजूचे मोकळे ठिपके पाहिले.

हे पाहायला शिकतं कोण, हा भाग मला सगळ्यात आवडला. नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या टोकाला वासाचा एक कंद असतो. एकाच प्रकारच्या ग्राहकांचे धागे तिथे एकेका गुच्छात येऊन मिळतात आणि तिथून निरोप पुढे निघतात. त्याच कंदात दाण्यासारख्या बारीक पेशींची मोठी गर्दी असते. त्यांचं काम निरोप पाठवायचं नाहीच. शेजारच्या पेशींना गप्प बसवायचं! जवळजवळ सारखे दोन वास आले की दोन्हींत जे सामाईक आहे त्याचा गलबला या पेशी दाबतात, मग फरक वर येतो. शाळेच्या वर्गात बाकीची पोरं गप्प बसली की कोपऱ्यातल्या एकाचं पुटपुटणं ऐकू येतं, तसं. माझी कल्पना होती की तरबेज नाक म्हणजे जास्त वास घेणारं नाक. निघालं ते नेमका गलबला दाबणारं.

भाचीच्या संस्थेत उंदरांना हेच शिकवतात. एक वास आला तर नळी चाटायची, पाण्याचा थेंब मिळतो; दुसरा आला तर चाटायचं नाही. वास अगदी वेगळे असतील तर उंदीर पाव सेकंदाच्या आसपास निवाडा करतो. मग त्याला पेचात टाकायचं: एकदा केळ्यासारखा वास ६० टक्के आणि अननसासारखा ४०, एकदा उलट. आता त्याला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. पण सरावानंतर तो सहसा चुकत नाही. दाण्यासारख्या पेशींचा दाब वाढवला तर असे जवळजवळचे वास उंदीर आणखी लवकर ओळखतात, हेही प्रयोगांतून दिसलंय. शिवाय उंदरांच्या त्या कंदात मोठेपणीही नव्या पेशी येत राहतात आणि वासाचं शिक्षण मिळालं तर त्यांतल्या जास्त टिकतात.

थेंबभर पाण्यासाठी उंदीर शिकतो. आई कशासाठी शिकल्या, ते मी विचारलं.

"सासऱ्यांसाठी," त्या म्हणाल्या. मुळशीहून वर्षाचा तांदूळ पोत्यांनी यायचा. एका वर्षी आंबेमोहर म्हणून भलताच निघाला. सासरे ताटावर काही बोलले नाहीत, पण वर्षभर "आज पोळीच दे" म्हणत राहिले. पुढच्या सालापासून आई पोतं उघडून बघायला लागल्या. चिमूटभर तांदूळ मुठीत घ्यायचा, मुठीत तोंडाची वाफ सोडायची, मूठ उघडायची आणि लगेच हुंगायचं. "दुसऱ्यांदा हुंगायचं नाही. दुसऱ्यांदा नाक मनाचं सांगतं."

मग मीही शिकायला बसले. दोन सारख्या वाट्या. एकीत मुळशीचा आंबेमोहर, दुसरीत त्याच्यासारखाच दिसणारा, दुकानात त्याच नावानं खपणारा बारीक तांदूळ. रोज दुपारी आई वाट्यांची अदलाबदल करायच्या, मी डोळे मिटून मूठ हुंगायची. पहिला आठवडा निव्वळ छापा-काटा. दुसऱ्या आठवड्यात एकदा मूठ उघडल्याबरोबर काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. काय कमी ते सांगता येईना, पण उत्तर बरोबर आलं. आई नुसत्या "हं" म्हणाल्या.

काल महिना झाला. भाचीच्या साक्षीनं परीक्षा घेतली. दहापैकी सात. मी आपली खूश. भाचीनं सांगितलं की तिथले शिकलेले उंदीर नव्वद टक्क्यांवर जातात.

आईंनी वाट्या उचलल्या. "मग पुढच्या खेपेला त्या उंदरालाच पाठव दुकानात," म्हणाल्या आणि आत गेल्या.