दिमोनाहून दिलेलं मत

६ नोव्हेंबर २०१२ ला इस्रायलमधल्या ‘बायित येहुदी’ या धार्मिक-राष्ट्रवादी पक्षाचा नेता सभासदांच्या मतदानाने निवडला गेला. पक्ष २००८ मध्ये नव्याने उभा राहिला तेव्हा रब्बी (ज्यू धर्मगुरू) दानिएल हेर्शकोविच यांचं नाव निवडक मंडळींच्या समितीने ठरवलं होतं. या वेळी वर्गणी भरलेल्या प्रत्येकाला मत मिळणार होतं, म्हणून मी सभासद झाले.

नोंदणी सोपी होती. ओळखपत्राचा नंबर, पत्ता, वर्गणी, सही. आपण दुसऱ्या कुठल्या पक्षात नाही याची खात्री मात्र आधी करून घ्यायची, कारण १९९२ च्या पक्ष कायद्यानुसार इस्रायलमध्ये एका वेळी दोन पक्षांचं सभासद होता येत नाही. आमच्या ह्यांचा लिकुद, माझा बायित येहुदी. त्यावरून घरात वाद झाला नाही. वाद आईशी झाला.

“त्या लोकांचा पक्ष? चौसष्ट साल विसरलीस का गं?” ती म्हणाली.

विसरण्यासारखं ते नव्हतंच. अलिबाग, पेण, रेवदंडा सोडून इस्रायलला आलेल्या आम्हा बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासा, असा आदेश मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये काढला होता. कोकणात तेल गाळतानाही शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे आम्ही, शनवार तेली. आणि ज्यू आहात का, असं आम्हालाच विचारलं गेलं! त्या वेळी धर्मखातं मफदल या जुन्या धार्मिक पक्षाच्या झेराख वारहाफ्तिग यांच्याकडे होतं, आणि बायित येहुदी हा त्याच मफदलचा वारसदार. आमची माणसं जेरुसलेमला निदर्शनांना बसली, आईही गेली होती. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, त्यानंतर आदेश बदलला.

मी आईला म्हटलं, “तेव्हा आपल्याबद्दल ठरवणाऱ्यांत आपलं कोणीच नव्हतं. आता निदान मतदारांच्या यादीत माझं नाव आहे.” तिला ते पटलं नाही. पण तिने अडवलंही नाही.

हेर्शकोविच यांनी माघार घेतली आणि लढत झेवुलून ओर्लेव्ह विरुद्ध नफताली बेनेट अशी झाली. बेनेट चाळीस वर्षांचे, सॉफ्टवेअर कंपनी विकून राजकारणात आलेले, पूर्वी नेतान्याहूंचे कार्यालयप्रमुख. तरुण मुलं त्यांच्यामागे धावत होती. माझा मुलगासुद्धा. ओर्लेव्ह सहासष्ट वर्षांचे, मफदलच्या जुन्या शाळेतले, २००३-०४ मध्ये समाजकल्याण मंत्री होते. दक्षिण इस्रायलमधल्या आमच्या दिमोनासारख्या गावात शाळा, म्हातारपणाचं पेन्शन, मदतीवर चालणारी घरं हेच राजकारण असतं. वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतींच्या प्रश्नावर टीव्हीवर कोण जास्त ठासून बोलतो, यावरून मी नेता निवडणार नव्हते. मी ओर्लेव्हना मत द्यायचं ठरवलं आणि मुलाला तसं सांगितलं. तो रागावला, तरी मतदानाला आम्ही एकत्रच गेलो.

केंद्रावर विणलेल्या किप्पा (ज्यूंच्या छोट्या गोल टोप्या) घातलेली पोरं, बाळाला कडेवर घेतलेल्या बाया, आणि आमच्या सिनेगॉगमधल्या दोन मावश्या. रांगेत आम्ही मराठीत बोलत होतो, तेव्हा पुढच्या बाईने विचारलं, ही कुठली भाषा? मावशीने मान ताठ करून सांगितलं, “मराठी. आमची.” ओळखपत्र दाखवलं, यादीत नाव सापडलं, पडद्यामागे गेले, मत टाकलं. नाव सापडलं तेव्हा डोळे भरून आले, ते मी मुलापासून लपवलं नाही.

बेनेटना सुमारे दोन तृतीयांश मतं मिळाली. ओर्लेव्ह राजकारणातून बाजूला झाले, याचं मला खूप वाईट वाटलं. जानेवारी २०१३ मध्ये पक्षाला १२ जागा मिळाल्या. २००९ मध्ये ३ होत्या, आणि १२ चा आकडा मफदलने १९७७ मध्ये गाठला होता. धार्मिक नसलेल्या आयेलेत शाकेदही त्या यादीतून निवडून आल्या. एवढं यश ओर्लेव्ह आणू शकले नसते, हे मुलाचं म्हणणं मी मान्य करते.

पण यादीतला दुसरा क्रमांक तकूमा या दुसऱ्या पक्षाच्या उरी अरिएल यांना गेला. निवडणुकीपुरती त्या पक्षाशी युती झाली होती आणि त्यांच्या जागा आम्हा सभासदांच्या मतदानातून आलेल्या नव्हत्या. सभासदांना मत द्यायचं तर ते संपूर्ण यादीसाठी द्यावं, असं मी स्थानिक बैठकीत उभं राहून सांगितलं. तिथे बोलायचा हक्क मला वर्गणीच्या पावतीने दिला होता, आणि पुढच्या वर्षीची वर्गणीही मी भरली.