बोर्डिंग निवडताना एआयला काय विचारायचं आणि माणसांना काय

साताऱ्यात ‘बोर्डिंग’ म्हटलं की जुन्या पिढीला कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये इथे सुरू केलेलं वसतिगृह आठवतं. आताच्या पालकांच्या डोक्यात मात्र सैनिक स्कूल, नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) नाहीतर पाचगणी असते. निर्णयासाठी हाताशी दोनच गोष्टी: मोबाईलमधलं एआय आणि पाहुण्यारावळ्यांचा सल्ला. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण प्रश्न चुकीच्या जागी विचारले जातात. एआयला कागदावरचं विचारावं आणि कागद आपण द्यावा. माणसांना फक्त त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं विचारावं.

एआयला नुसतं ‘सैनिक शाळेची माहिती दे’ म्हटलं की घोळ सुरू होतो, कारण या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी आहेत. सातारचं सैनिक स्कूल हे २३ जून १९६१ ला सुरू झालेलं देशातलं पहिलं. अलीकडे संस्थांच्या भागीदारीत मान्यता मिळालेली नवी सैनिक स्कूलं वेगळी, राज्य शासनाच्या योजनेतल्या ‘सैनिकी शाळा’ वेगळ्या आणि बेळगावसारखी राष्ट्रीय मिलिटरी स्कूलं आणखी वेगळी. चौघांची फी, प्रवेश आणि आरक्षण एकाच उत्तरात मिसळून येतं, आणि भाषा इतकी ठाम असते की शंकाच येत नाही. सहावी आणि नववीच्या प्रवेशासाठीच्या पेपरचीही अशीच सरमिसळ होते. अखिल भारतीय सैनिक स्कूल प्रवेश परीक्षेत सहावीला १२५ प्रश्न आणि ३०० गुण, त्यातले १५० एकट्या गणिताचे. हा पेपर मराठीतून देता येतो. नववीचा पेपर ४०० गुणांचा आणि इंग्रजीतूनच. तयारीचं वेळापत्रक एआयकडून करून घेणार असाल तर आधी हे आकडे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून स्वतः टाइप करून द्या.

नवोदयचं दुखणं याहून बारीक आहे. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. या तीन इयत्तांत एक दिवसही शहरातल्या शाळेत गेलेला मुलगा शहरी धरला जातो. म्हणजे तिसरी सांगलीत आणि पुढची दोन वर्षं वाळवा तालुक्यातल्या गावात, असं असेल तर ग्रामीण कोटा नाही. एआय हे बहुतेक वेळा सांगत नाही. गावातला सल्लागारही सांगत नाही, कारण त्याचा स्वतःचा मुलगा सरळ झेडपीच्या शाळेतून गेलेला असतो. नवोदयच्या सहावीची प्रवेश परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी तिन्ही वर्षांचे दाखले समोर ठेवा. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा.

एआय खरं कामाला येतं ते फीच्या कागदांत. शाळेचा फीचा तक्ता, नियमावली आणि प्रवेश रद्द केल्यास परताव्याच्या अटी अशा तिन्ही पीडीएफ द्या आणि लिहा: ‘फक्त या कागदांतलं सांग, प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक दे, जे दिलेलं नाही तिथे “नाही” लिही.’ मग पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च मागा: शिक्षण फी, मेस, अनामत, गणवेश, गाद्या-चादरी, धोबी, औषधं, सहल, खाऊचे पैसे. ‘नाही’ आलेल्या जागा म्हणजेच शाळेला विचारायची यादी. बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. कागदाचा फोटो काढून दिला असेल तर शून्यं मोजा. अस्पष्ट फोटोत एखादं शून्य गळतं. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला यांतलं काही एआयवर चढवू नका.

शाळा सीबीएसईची असेल तर तिच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ असणं बंधनकारक आहे. त्यात इमारत सुरक्षा, अग्निसुरक्षा आणि पाणी-स्वच्छतेची प्रमाणपत्रं, तसंच तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल असतात. प्रमाणपत्रांच्या तारखा बघा, मुदत संपलेली बरीच सापडतात. पाचगणीतल्या काही जुन्या शाळा आयसीएसईच्या आहेत, तिथे हेच कागद ऑफिसात मागायचे.

आता माणसं. ‘शाळा कशी आहे?’ हा प्रश्न फुकट जातो, उत्तर ‘चांगली आहे’ हेच येतं. ज्याचा मुलगा दहा वर्षांपूर्वी पास होऊन गेला, त्याच्यानंतर मुख्याध्यापक, रेक्टर, आचारी सगळे बदललेले असतात. प्रवेश परीक्षेच्या क्लासवाल्याचा सल्ला घ्या, पण त्याची पोळी कशावर भाजते ते ध्यानात ठेवून. सध्या सातवी-आठवीत असलेल्या मुलाचे पालक शोधा. त्याहून मोलाचा पालक तो, ज्याने मूल मध्येच काढून आणलं. दोघांनाही नेमकं विचारा. शेवटचा ताप आला तेव्हा फोन किती वाजता आला, आणि कुणी केला? सिक रूममध्ये रात्री नर्स होती का? मोठ्या मुलांनी त्रास दिल्यावर तक्रार कुणाकडे गेली, आणि पुढच्या आठवड्यात काय बदललं?

पाचगणीची शाळा बघायला जुलैतच जा. डिसेंबरच्या उन्हात सगळंच देखणं दिसतं. पावसात डॉर्मिटरीत गादीची कड उचलून खाली हात फिरवा, भिंतीकडच्या कोपऱ्यातली ओल बघा, मोजे कुठे वाळत घातलेत ते बघा. कपडे वाळवायला बंद गरम खोली नसेल तर मूल ओलसर गणवेशात वर्गात बसणार, आणि खोकला दिवाळीपर्यंत रेंगाळणार. गरम पाणी किती वाजता येतं आणि शेवटच्या मुलापर्यंत पुरतं का, हे रेक्टरला न विचारता मुलांना विचारा.

शाळा बघून पाचगणीहून पसरणी घाटातून वाईकडे उतरताना आपल्या मुलाला एवढंच विचारा: रात्री बाथरूमला जायचं झालं तर दिव्याचं बटण कुठे आहे, आणि भीती वाटली तर कुणाला उठवशील? त्याला सांगता आलं नाही, तर वाईत पोहोचल्यावर शाळेला फोन लावा आणि हेच विचारा.