पावसाळी दुपार आणि घरचे स्कोन

आज इंदूरमध्ये सकाळपासून झड लागली होती आणि हवेत छान गारवा होता, म्हणून दुपारी स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे इंग्लिश पद्धतीचे छोटे खुसखुशीत पाव, करायला घेतले. असे हवामान या पदार्थाला फार मानवते, कारण मैद्यात लोणी चोळताना ते वितळू न देणे हेच यातले खरे कसब आहे. थंड लोण्याचे कण पिठात तसेच राहिले, की ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि स्कोनला नाजूक पदर सुटतात. २२५ ग्रॅम मैद्याला साधारण ५५ ग्रॅम लोणी पुरते. दूध घातल्यावर पीठ मळायचे नाही, नुसते एकत्र आणायचे. रोज कणीक तिंबणाऱ्या हाताला हा संयम मुद्दाम शिकवावा लागतो. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटांत ते फुगून वर आले आणि कडांना तांबूस झाले.

इंग्लंडमध्ये स्कोनवर डेव्हन परगण्याची मंडळी आधी क्रीम लावतात, शेजारच्या कॉर्नवॉलची आधी जॅम. आईने घरच्या दुधाची जाड साय आणि आंब्याचा मुरांबा काढून दिला. मला कॉर्नवॉलची रीत पटली, कारण गरम स्कोनवर थेट लावलेली साय लगेच पातळ होते. मुरांब्यावर मात्र ती छान टिकून राहते.