आमची वाटचाल : दोन नियमपुस्तकांच्या मधले काम

टोकियोतील आमचे कार्यालय लहान आहे. जपानी बेसबॉल संघांकडून खेळायला येणाऱ्या परदेशी खेळाडूंची आणि अमेरिकेला निघालेल्या जपानी खेळाडूंची करारपत्रे आम्ही त्यांच्या वकिलांसाठी जपानी व इंग्रजी अशा दोन्ही मसुद्यांत कलमागणिक पडताळून देतो. पुण्यात जपानी शिकून सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त येथे आलेला मी या व्यवसायात पडलो तो खेळाडूंच्या वतीने संघांशी वाटाघाटी करणाऱ्या डॉन नोमुरा या एजंटाच्या कामाचा अभ्यास करताना, आणि म्हणून आमच्या वाटचालीत त्यांच्याबद्दल आधी लिहिणे मला आवश्यक वाटते.

नोमुरा यांचा जन्म १९५७ साली टोकियोत झाला. वडील अमेरिकन ज्यू आणि आई जपानी. पुढे आईने कात्सुया नोमुरा यांच्याशी विवाह केला आणि ६५७ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावणारे फटके) नावावर असलेल्या या थोर कॅचरचे (फलंदाजामागे चेंडू पकडणाऱ्या खेळाडूचे) आडनाव मुलाला लाभले. याकुल्ट स्वॉलोज या जपानी संघाच्या दुय्यम संघात काही वर्षे खेळूनही मुख्य संघात जागा न मिळाल्याने डॉन अमेरिकेला गेले आणि कालांतराने कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील एका छोट्या संघाचे भागीदार झाले. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना न खेळता १९९६ साली थेट अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत उतरलेला माकोतो सुझुकी हा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) याच संघातून पुढे आला.

परंतु त्यांचे नाव झाले ते हिदेओ नोमोमुळे. किन्तेत्सु बफेलोज या जपानी संघाचा हा पिचर बहुवर्षीय करार मागत होता आणि वाटाघाटींसाठी एजंट हवा असे म्हणत होता. संघाला दोन्ही गोष्टी अमान्य होत्या. नोमुरा यांनी नियमावली बारकाईने वाचली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की स्वेच्छेने निवृत्त झालेला खेळाडू जपानमध्ये परत खेळणार असेल तर त्याला जुन्याच संघाकडे जावे लागते, परंतु त्याने परदेशात खेळू नये असे कोठेही लिहिलेले नाही. १९९५ च्या आरंभी नोमोने निवृत्ती पत्करली, मेजर लीगमधील लॉस एंजेलिस डॉजर्स संघाशी करार केला आणि त्याच मोसमात २३६ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद करून नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित खेळाडू हा मान मिळवला. निघताना मात्र जपानी वृत्तपत्रांनी दोघांनाही गद्दार ठरवले होते, आणि नोमुरा यांचे सावत्र वडील त्या वेळी याकुल्टचेच प्रशिक्षक असल्याने ही टीका त्यांच्या घरापर्यंत पोहोचली.

या कृतीला पळवाट म्हणणे मला आजही पटत नाही. संघांनी स्वतः लिहिलेला नियम त्यांनी होता तसा वाचला, आणि तो वाचण्याची गरज खेळाडूच्या बाजूने त्यापूर्वी कोणाला फारशी वाटली नव्हती. दोन्ही देशांत वावरलेल्या, पण कोणत्याही एका देशाच्या क्रीडाव्यवस्थेला बांधील नसलेल्या माणसालाच ते सुचावे, हे मला स्वाभाविक वाटते.

१९९७ मध्ये चिबा लोत्ते या जपानी संघाने नोमुरा यांचे अशील असलेल्या हिदेकी इराबू या पिचरचे हक्क अमेरिकेच्या सॅन दिएगो संघाला दिले. खेळाडूला मात्र न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडेच जायचे होते. तो अडून बसला आणि अखेर तेथेच गेला. त्यानंतर नोमुरा यांचाच खेळाडू अल्फोन्सो सोरियानो याने हिरोशिमाचा संघ निवृत्तीच्याच मार्गाने सोडला. मग १९९८ च्या अखेरीस दोन्ही देशांच्या बेसबॉल मंडळांनी पोस्टिंगची पद्धत आणली, जिच्यात खेळाडूला सोडणाऱ्या जपानी संघाला मोबदला मिळतो. २०१२ साली अमेरिकेच्या टेक्सास संघाने यू दारविश या जपानी पिचरसाठी त्याच्या संघाला सुमारे ५ कोटी १७ लाख डॉलर दिले, आणि खेळाडूशी सहा वर्षांचा, ६ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. त्या वाटाघाटीत खेळाडूच्या बाजूने आर्न टेलेम या अमेरिकन एजंटासोबत नोमुराच होते.

आमची सुरुवात याहून फार साधी होती. एका परदेशी पिचरच्या करारात इनिंगवरचा (किती डावांत चेंडू टाकला यावर मिळणारा) बोनस इंग्रजी मसुद्यात एका अटीवर होता आणि जपानी मसुद्यात दुसऱ्याच. वाद झाल्यास कोणता मसुदा ग्राह्य धरायचा, हे कोठेही नमूद नव्हते. सह्या होण्यापूर्वी आम्ही ते निदर्शनास आणले आणि त्या खेळाडूच्या वकिलाने पुढील मोसमात आणखी काम दिले. तेव्हापासून घरभाडे, कुटुंबाची विमानतिकिटे, दुभाष्या, मुलांच्या शाळेची फी, दुखापतीनंतर मायदेशी उपचार घेण्याची मुभा अशा बाबी आम्ही प्रत्येक करारात स्वतंत्रपणे पाहतो, कारण परक्या देशात आलेल्या कुटुंबाची ओढाताण मुख्य मानधनापेक्षा याच बाबींवरून होते, असा आमचा अनुभव आहे.

स्वतः एजंट होण्याचा विचार आम्ही केला नाही, कारण जपानी खेळाडूंच्या वतीने तिथल्या संघांशी वाटाघाटी करण्याची मुभा दीर्घकाळ केवळ जपानी वकिलांना होती आणि तीही एका वकिलाला एकाच खेळाडूसाठी. २०२४ साली हे निर्बंध हटले आणि जपानच्या रास्त व्यापार आयोगाने त्यांबद्दल ताकीदही दिली. त्यानंतर एकाच वेळी अनेक खेळाडूंचे काम पाहणारे वकील आमच्याकडे येऊ लागले असून, हिवाळ्यातील पोस्टिंगच्या दिवसांत मदतीला हवेत म्हणून आम्ही सध्या पुण्यात जपानी शिकलेल्या, कायद्याची गोडी असलेल्या तरुणांच्या शोधात आहोत.