चोर सोडून संन्याशाला

विंडोज कोसळलं की येतो तो निळा पडदा पहिल्यांदा आला तेव्हा मी लक्षच दिलं नाही. मशीन आहे, कधीतरी रुसायचंच. दुसऱ्यांदा आला तेव्हा एका लांबलचक अहवालाचं शेवटचं पान टाइप करत होते. तिसऱ्यांदा मात्र डोक्यात तिडीक गेली. दहा दिवसांत तीन वेळा!

दर वेळी तेच: उदास चेहरा, टक्केवारी, क्यूआर कोड आणि खाली बारीक अक्षरांत स्टॉप कोड, म्हणजे कोसळण्याच्या प्रकाराचं नाव. (नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झालाय आणि चेहराही गेलाय. दुखणं तेच.) क्यूआर कोड फोनने स्कॅन केला तर सगळ्यांना दाखवतात तेच सरधोपट पान उघडलं. आणि स्टॉप कोड नीट वाचून होईपर्यंत मशीन रीस्टार्ट. म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाकली. आता पडदा माझ्यासाठी थांबणार होता.

त्यानंतर जे सगळे करतात ते मीही केलं. अपडेट टाकले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा घातला, सिस्टिम फाइल चेकर चालवला, कॅबिनेट उघडून धूळ झटकली. विंडोजमधली मेमरी तपासणीही एकदा चालवली, ती म्हणाली सगळं ठीक आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावर चिडायचं आहे.) इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद सापडली आणि आपण मुळापर्यंत पोचलो असं वाटलं. पण त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते मला ठाऊकच होतं, मी समोरच बसले होते.

माझा मामेभाऊ ड्रायव्हर लिहिण्याचंच काम करतो. त्याला फोन केला.

"दादा, ग्राफिक्स कार्ड गेलंय बहुतेक."

"बहुतेक कशाला? डंप काय म्हणतोय?"

"कसला डंप?"

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मशीन कोसळताना मेमरीत काय होतं त्याची फाइल. सी ड्राइव्हमध्ये विंडोजचा फोल्डर उघड. त्यात मिनिडंप नावाचा फोल्डर असेल. आत बघ."

फोल्डर नव्हताच. तीन क्रॅश होऊन गेले आणि एकाचाही पुरावा शिल्लक नाही. कारण शोधलं तर आरोपी मीच निघाले. एसएसडी जास्त टिकावी म्हणून मागे कधीतरी कुठेतरी वाचून पेजिंग फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल, बंद करून ठेवली होती. सोळा जीबी रॅम आहे, हवी कशाला पेजिंग फाइल, असा माझा हिशेब.

मशीन कोसळतं त्या क्षणी विंडोजचा कशावरच भरवसा उरलेला नसतो, फाइल सिस्टिमवरही नाही. अशा वेळी नवी फाइल तयार करायला गेलं तर होता तो डेटाही बिघडायचा. म्हणून पेजिंग फाइलची डिस्कवरची जागा आधीच हेरून ठेवलेली असते, आणि मरतामरता मेमरीतला मजकूर थेट तिथे ओतला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की तो तिथून उचलून डंप फाइलमध्ये लिहिला जातो. पडद्यावर टक्केवारी सरकताना दिसते ती या ओतण्याची. पेजिंग फाइलच नसेल तर ओतणार कुठे?

पेजिंग फाइल पुन्हा 'सिस्टिम मॅनेज्ड' केली आणि डंपचा प्रकार 'ऑटोमॅटिक' ठेवला. यात विंडोज फोल्डरमध्ये मेमरी डॉट डीएमपी ही मोठी फाइल बनते, जी दर वेळी जुनीवर नवी लिहिली जाते, आणि मिनिडंपमध्ये दर क्रॅशची एक छोटी, तारखेच्या नावाची फाइल साठत जाते. डिस्क साफ करणारं एक सॉफ्टवेअर होतं तेही काढलं, कारण अशी सॉफ्टवेअर नेमके डंपच कचरा म्हणून उडवतात.

आणि मग वाट बघत बसले. कॉम्प्युटर क्रॅश व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसणारी मी पहिलीच नसेन. अर्थात चार दिवस त्याने शिंकसुद्धा काढली नाही.

पाचव्या दिवशी निळा पडदा आला. डंप वाचायला विनडीबग लागतं, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये फुकट मिळतं. मिनिडंप फोल्डरमधून फाइल थेट उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं, म्हणून आधी डेस्कटॉपवर कॉपी करायची. फाइल उघडल्यावर बराच वेळ नुसतं 'बिझी' दिसत राहतं. तेव्हा सिम्बॉल उतरत असतात. डंपमध्ये नुसते पत्ते असतात, कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन हे सांगणारी यादी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून येते. नवं विनडीबग ती आपणहून आणतं. मी पहिल्या खेपेला कंटाळून खिडकी बंद केली होती. तसं करू नका. मग खालच्या ओळीत उद्गारचिन्ह, त्याला जोडून अनालाइझ, जागा सोडून डॅश व्ही. एंटर.

पडदाभर मजकूर आला. त्यातलं मला कळलं ते एवढंच: कोड 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', आणि इमेज नेम या ओळीसमोर वाय-फायच्या ड्रायव्हरचं नाव. सापडला! त्याच दिवशी तो ड्रायव्हर काढून जुनी आवृत्ती घातली आणि दादाला विजयाचा मेसेज टाकला.

तीन दिवसांनी पुन्हा निळा. या वेळी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं. तोही बदलला. मग 'सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन', आणि दोषी म्हणून खुद्द विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभाच. आता कर्नल कुठून बदलणार?

इथे मी एक आगाऊपणा केला. ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं हत्यार विंडोजमध्येच असतं. निवडलेल्या ड्रायव्हरांवर ते कडक पहारा बसवतं आणि कुणी जरा चुकला की मुद्दाम क्रॅश घडवतं, म्हणजे चोर रंगेहाथ सापडावा. मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे सगळे ड्रायव्हर निवडले आणि रीस्टार्ट केलं. मशीन सुरू होतानाच निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. रात्रीचे साडेअकरा आणि सकाळी काम द्यायचं. दोन-तीनदा आपटल्यावर रिकव्हरीचा पडदा आला, तिथून सेफ मोडमध्ये शिरले, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हेरिफायर' आणि पुढे 'स्लॅश रीसेट' दिलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. हे हत्यार वापरणार असाल तर आधी रीस्टोअर पॉइंट करून ठेवा आणि ही कमांड कागदावर लिहून घ्या. फोनवर नको, तेव्हा नेमकी फोनची बॅटरी संपलेली असते.

त्या डंपमध्ये पंख्यांचा वेग बदलणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर पकडला गेला होता. त्याची चूक खरी होती, म्हणून तोही काढला. क्रॅश थांबले नाहीत. आणखी दोन आले, 'मेमरी मॅनेजमेंट' आणि 'कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर'.

दादाला पुन्हा फोन. या वेळी स्वरात विजय नव्हता.

"अगं, तू दर डंप एकेकटा वाचतेस. सगळे समोरासमोर मांड. व्हेरिफायरवाला सोड, तो तू ओढवून आणलेला."

वहीचं पान आडवं धरून रकाने आखले: तारीख, कोड, कोणता प्रोग्राम चालू होता, कोणाचं नाव आलं. पाच डंप, पाच वेगळे कोड. एकदा ब्राउझर, एकदा अँटिव्हायरस, एकदा नुसता फाइल एक्सप्लोरर. नावंही एकाचं दुसऱ्याला लागत नव्हती.

"हेच तुझं उत्तर आहे," दादा म्हणाला. "ड्रायव्हर बिघडला असता तर तोच तोच पकडला गेला असता. इथे जो येतो तो ठेचकाळतो. म्हणजे खड्डा रस्त्यात आहे."

अनालाइझ ज्याचं नाव सांगतं तो गुन्हेगार असेलच असं नाही. वाईट मजकूर ज्याच्या हातात असताना मशीन कोसळलं, त्याचं ते नाव. तो मजकूर कुणी बिघडवला हे प्रेत सापडल्या जागेवरून कळत नाही. मी मात्र प्रत्येक पंचनाम्यात पहिलं नाव दिसलं की त्याला फासावर देत सुटले होते.

मग त्याने 'मेमरी मॅनेजमेंट'चा डंप उघडायला लावला. स्टॉप कोडच्या खाली चार आर्ग्युमेंट असतात, मी ते आकडे आजवर डोळेझाक करून ओलांडत होते. पहिल्यात ४१७९२ होतं. याचा अर्थ पेज टेबलमधली एक नोंद बिघडलेली सापडली. कोणतं पान मेमरीत कुठे आहे, हे ज्या तक्त्यात लिहिलेलं असतं त्यातली नोंद. तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ती नोंद जशी सापडली तशी छापलेली होती: ००००००२०००००००००.

"काय दिसतंय?"

"शून्यं. आणि मध्येच एक दोन."

"ती नोंद रिकामी असायला हवी होती. सगळी शून्यं. इथला एकेक आकडा म्हणजे चार बिट, आणि ते दोन म्हणजे चौसष्ट बिटांपैकी एकच बिट आपोआप शून्याचा एक झालाय. डावीकडून कितवा आकडा?"

बोट ठेवून मोजलं. सातवा.

मग 'पेज फॉल्ट'चा डंप. ज्या पत्त्यावर जायला गेल्यामुळे मशीन पडलं तो पत्ता एफएफएफएफ-बी८२सी असा सुरू होत होता (इथे नऊच्या पुढचे आकडे ए ते एफ अक्षरांनी लिहितात). आणि रजिस्टरांच्या, म्हणजे प्रोसेसरच्या हातातल्या आकड्यांच्या, यादीत आजूबाजूचे सगळे पत्ते एफएफएफएफ-बी८०सी. शून्याच्या जागी दोन. पुन्हा मोजलं, पुन्हा सातवा. अंगावर काटा आला म्हटलं तर हसाल, पण आला. बिचाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर टकटक केली होती खरी, पण पत्ता त्याला तसा मिळाला होता.

आता संशय रॅमवर, पण संशयच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल चालू होता, म्हणजे मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने ती पळत होती. दोष वेगाचा की रॅमचा हे कळावं म्हणून तो आधी बंद केला. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू केलं आणि झोपायला गेले. याला तासन्‌तास लागतात. पहिल्या फेरीत काही निघालं नाही म्हणून थांबलं तर सगळं मुसळ केरात. माझ्याकडे पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ होत्या, तिसरीत लाल ओळी आल्या. अपेक्षित आकडा एक, मिळालेला दुसरा, फरक एका बिटाचा. विंडोजच्या तपासणीने 'सगळं ठीक' म्हटलं होतं ती हीच रॅम.

पुढे दोन रात्री पट्ट्या एकेक करून तपासल्या. एक पट्टी चारही फेऱ्या निर्धोक. दुसरी कोणत्याही खाचेत घाला, चुका देणारच. म्हणजे मदरबोर्डची खाचही सुटली. ती पट्टी काढली, वॉरंटीत बदलायला पाठवली आणि नवी येईपर्यंत अर्ध्या रॅमवर काम केलं. मशीन हळू चालायचं, पण मिनिडंप फोल्डर हलला नाही. पंख्यांचं सॉफ्टवेअर सोडून बाकीचे ड्रायव्हर पुन्हा नवे घातले, मनातल्या मनात माफी मागत.

एक काम मात्र अजून संपलेलं नाही. त्या पट्टीतून त्या आठवड्यांत जे जे गेलं, कॉपी केलेल्या फाइली, सेव्ह केलेले अहवाल, त्यांतला एखादा बिट असाच पलटून डिस्कवर उतरला असेल तर कोणताही निळा पडदा येऊन सांगणार नाही. त्या काळात घेतलेले बॅकअप जुन्या बॅकअपशी पडताळून बघतेय. फोटोंची एक झिप उघडत नाही. त्यातले बहुतेक फोटो फोनमध्ये आहेत, अकरा कुठेच नाहीत.